कचरा कालवू नका

सकाळचे साडेसात. पावसाची भुरभुर चालू होती. आमच्या इमारतीच्या फाटकाशी, छपराखाली, कचरा न्यायला येणाऱ्या ताई उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात काळी पिशवी, तोंडाला करकचून गाठ मारलेली. गाठ सोडवत बसायला वेळ नव्हता. त्यांनी पिशवी मधोमध फाडली. कालची आमटी ओघळली. आमटीत दुधाची पिशवी, चहाचा चोथा, वर्तमानपत्राचा बोळा, गोळ्यांची रिकामी पट्टी आणि फुटक्या कपाचा कान. त्यांनी हात घालून दुधाची पिशवी ओढून काढली, झटकली, पोत्यात टाकली. तिसऱ्या पिशवीला अंगठा कापला. तो पदराला पुसला आणि चौथी पिशवी पुढ्यात घेतली.

मी हातमोज्यांचं विचारलं. म्हणाल्या, "मोजे घातले की बोटांना कळत नाही आत काय आहे ते. आणि काच काय, मोज्यातनंही घुसतेच."

आता त्या पिशवीतली एकेक वस्तू वेगळी धरून बघा. चोथा कुंडीत गेला असता तर खत झालं असतं. दुधाची पिशवी कोरडी असती तर भंगारवाल्याने भाव दिला असता. वर्तमानपत्र रद्दीत गेलं असतं. कपाचा कान कागदात गुंडाळून वेगळा दिला असता तर कुणाचा अंगठा कापला नसता. म्हणजे प्रत्येक वस्तूला जायला आपापली वाट होती. आपण सगळं एकत्र कालवलं, वर गाठ मारली आणि तेव्हा कुठे त्याचा कचरा झाला.

भात-आमटी कालवावी. कचरा कालवू नये. या आठवड्याचं माझं म्हणणं एवढंच आहे.

●

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही वेगळा करून काय उपयोग? पुढे गाडीत सगळं एकत्रच टाकतात."

काही ठिकाणी टाकतात, हे खरं आहे. तुमच्या डोळ्यांदेखत टाकत असतील तर फोटो काढा, तक्रार करा, प्रभागाच्या कार्यालयात जा, पाठपुरावा करा. वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेला पाहिजे, हा तुमचा हक्क आहे. पण तो हक्क बजावायला आधी कचरा वेगळा दिलेला असावा लागतो. एकत्र देऊन एकत्र नेल्याची तक्रार कशी करणार? नाचता येईना अंगण वाकडं, अशातली ही गत.

शिवाय ओला कचरा घरातच किंवा इमारतीच्या आवारातच जिरवला तर गाडीत कालवायला उरतंच काय? आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्याचा असतो. तो बाजूला काढला की उरलेलं कोरडं राहतं, वास मारत नाही, त्याला किंमत येते.

ही माझी हौस नाही, हा कायदा आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम 8 एप्रिल 2016 रोजी आले. कचरा जिथे तयार होतो तिथेच तो ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायचा, हे त्यांत तेव्हाच स्वच्छ लिहिलं होतं. उघड्यावर कचरा जाळायलाही त्यांत मनाई होती. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय जाऊन बराच काळ लोटला.

●

पिशवी फाटकाबाहेर गेली की आपला संबंध संपला, असं आपण धरून चालतो. दृष्टीआड सृष्टी. पण ती सृष्टी कुणाच्या तरी दारात असते.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. माउलींची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे जाते ती याच रस्त्याने. तिथे कचऱ्याचे डोंगर झाले. ढिगाच्या तळाशी ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन निघतो आणि हा वायू पेट घेतो. पाऊस ढिगातून झिरपला की काळं, उग्र पाणी जमिनीत उतरतं. तिथल्या विहिरी खराब झाल्या, गावांवर टँकरचं पाणी प्यायची वेळ आली. 2014-15 मध्ये गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात चौकाचौकात ढीग साचले आणि आपण नाकाला रुमाल लावले. त्या गावांनी तो वास आपल्यासाठी किती वर्षं सोसला होता, याचा विचार त्या वेळी किती जणांनी केला?

मुंबईत देवनारचं डंपिंग ग्राउंड 1927 पासून चालू आहे. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं आणि दिवसेंदिवस धुमसत राहिलं. गोवंडी-मानखुर्दच्या पोरांनी तो धूर छातीत घेतला.

मिथेन ही भानगड दूरची वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. तुम्ही टाकलेली वांग्याची देठं कुंडीत गेली तर माती होते. पिशवीत कोंडून ढिगाखाली गेली तर आग होते. देठं तीच असतात.

●

ज्यांच्या हातून हा कचरा जातो त्यांची ओळख पुण्याने तरी नीट ठेवायला हवी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये याच शहरात उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातून तिची सुरुवात झाली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायांना चोर समजून हटकलं जात होतं. आपण कामगार आहोत, आपल्याला ओळखपत्र हवं, ही त्यांची मागणी होती आणि ती त्यांनी मिळवली. पुढे 2008 मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. आज तीन हजारांहून जास्त कचरावेचक हे काम करतात. यंत्राला जे जमत नाही ते त्यांच्या बोटांना जमतं. कुठलं प्लॅस्टिक विकलं जाईल, कुठलं नाही, हे त्या नुसत्या आवाजावरून सांगतात.

आणि या कसबी हातांना आपण शिळी आमटी चाचपायला लावतो.

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडेच सुक्या कचऱ्यात टाकणाऱ्यांना मला थेट विचारायचं आहे: समोर उभं राहून हे तुम्ही कुणाच्या हातात द्याल का? मग पिशवीच्या आडून का देता? कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. कचरावेचकांनीच मागितलेला हा ठिपका आहे. लाल पेनाने काढायला दोन सेकंद लागतात.

●

ओट्याखाली काय करायचं, ते आता झटपट.

एकाऐवजी दोन डबे, आणि वर एक लहान खोका.

ओल्याच्या डब्याला प्लॅस्टिकची पिशवी लावू नका. वर्तमानपत्राची घडी घाला. टाकण्याआधी पाणी निथळू द्या. भाजीपाल्यात मुळातच पाणी जास्त, निथळल्यावर वजनही घटतं आणि वासही.

सुक्याचा डबा रोज द्यायची गरज नाही. कोरडं असेल तर आठवडाभर राहतं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नका, लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचू शकत नाही, सरळ गटारात जातो. पिशवी भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात खळबळा आणि चिमट्याला लावून वाळवा. पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण सुक्यात, तेल प्यायलेला तळ फाडून ओल्यात. दुकानातली गुळगुळीत छापील बिलं रद्दीत घालू नका. त्या कागदावर रसायनाचा थर असतो, तो रद्दीत चालत नाही.

लहान खोक्यात सेल, जुनी औषधं, बल्ब, ट्यूब. सीएफएल दिव्यात पारा असतो, तो फोडून टाकायचा नाही. ब्लेड आणि काच वेगळ्या डब्यात, वर ठळक अक्षरात 'काच' असं लिहून.

एवढ्याला रोज पाच मिनिटं पुरतात. फाटकाशी बसलेल्या बाईची मात्र यात दोन तासांची सुटका आहे.

●

आता वर्षाचं. आपले सण आणि ऋतू कचऱ्याचं स्वरूप बदलतात, म्हणून कामंही महिन्यांप्रमाणे बदलायला हवीत. आषाढ चालू आहे, तिथूनच धरू.

आषाढ. पावसात खताची कुंडी हमखास बिघडते. चिखल होतो, वास येतो आणि मंडळी कंटाळून कुंडी बंद करतात. बंद करू नका. वास आला म्हणजे आत पाणी जास्त, हवा कमी. सुका पाला, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे, जे कोरडं मिळेल ते मिसळा, हलवा, वर झाकण ठेवा. मुंग्या लागल्या म्हणजे फार कोरडं झालं, थोडं पाणी शिंपडा. दुधाला विरजण लागतं तसं कुंडीलाही लागतं: जुनं खत मूठभर किंवा आंबट ताक वाटीभर. गुबगुबीत करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या तुमचंच काम करताहेत.

याच महिन्यात गच्ची आणि बाल्कनी पाहा. उलटं पडलेलं झाकण, चहाचा कप, कुंडीखालची ताटली. एवढ्याशा पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. भांडी नुसती ओतून चालत नाही, घासावी लागतात; अंडी कडेला चिकटलेली असतात. आणि रस्त्यावर भिरकावलेली पिशवी गटाराच्या जाळीवर जाऊन बसते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात शहर बुडणारच, पण तुंबलेल्या नाल्यांनी ते आणखी बुडवलं. त्यानंतरच राज्याने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर हात उगारला.

भाद्रपद. गणपती. शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करा आणि खाली बसलेली माती जपून ठेवा. शाडू बराचसा गुजरातेतून खणून येतो, तोही फुकटचा नाही. माती गोळा करून मूर्तिकारांना परत देणारे उपक्रम पुण्यात चालतात, त्यांच्याकडे पोहोचवा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आधीच आणली असेल तर ती नदीत नको. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिलेला मार्ग आहे: अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती विरघळते, तळाला खडूसारखी भुकटी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, म्हणजे खतच. निर्माल्यातले दोरे, चकाक्या, प्लॅस्टिक आधी काढा. दूर्वा, पत्री, फुलं कुंडीत. देवाला वाहिलेलं फूल मुठेच्या गटारपाण्यात सोडण्यापेक्षा तुळशीच्या मुळाशी गेलेलं बरं.

आश्विन. दिवाळीची आवराआवर. माळ्यावरून निघालेले चार्जर, वायरी, बंद पडलेले फोन भंगारात भारंभार देऊ नका. तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि तो विषारी धूर जाळणाऱ्याच्याच नाकात जातो. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्या. कपडे धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं देऊन दानाचं समाधान मिळवू नका. पुनर्वापर हा शब्द ऐकायच्या आधी आपल्या दारात बोहारीण येत होती, जुन्या नऊवारीची गोधडी होत होती. हे ज्ञान घरातलंच आहे.

पौष. संक्रांत. हळदी-कुंकवाला वीस घरी गेलात तर वीस प्लॅस्टिकच्या वस्तू घरी येतात: चिमुकली डबी, कंगवा, गाळणं, साबण ठेवायची ताटली. रथसप्तमी होते आणि त्या माळ्यावर जातात. वाण लुटायचं तर मूठभर तीळ द्या, गूळ द्या, कढीपत्त्याचं रोप द्या, हाताने शिवलेली सुती पिशवी द्या. सुवासिनीला दिलेली वस्तू पुढच्या दिवाळीत भंगारात जाणार असेल तर ते वाण कसलं? आणि मुलांच्या हातात नायलॉनचा मांजा देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर बंदी घातली आहे. पतंग कटतो, मांजा झाडावर राहतो आणि पक्षी वर्षभर त्यात अडकतात.

माघ, फाल्गुन. पानगळ. वर्षातली ही सगळ्यात मोठी कमाई आणि आपण ती काडी लावून जाळतो. थंड सकाळी हवा खाली दबलेली असते, धूर वर जात नाही, शाळेत निघालेल्या पोरांच्या उंचीवर रेंगाळतो. पाला जाळू नका, जाळू देऊ नका. झाडणारे कर्मचारी जाळतात कारण पाला न्यायला कुणी येत नाही. त्यांच्यावर ओरडण्याऐवजी चार पोती घेऊन खाली उतरा. पाला भरा, इमारतीच्या एका कोपऱ्यात कोरडा ठेवा.

चैत्र, वैशाख. आंब्याच्या साली, कोयी, कलिंगडाच्या टरफलांनी ओल्याचा डबा दिवसातून दोनदा भरतो. टरफलं बारीक चिरून टाका, लवकर कुजतात. कोयी लवकर कुजत नाहीत, त्या धुऊन सावलीत ठेवा, पाऊस लागताच रुजवा. प्रवासाला निघताना घरची बाटली भरून घ्या.

●

कमी करणं हे वेगळं करण्याच्याही आधी येतं. आणि इथे बाजार आपल्याला सर्रास फसवतो.

दुकानात मिळणारी ती कापडासारखी, रंगीत, बंद लावलेली पिशवी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ती कापड नाही, पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लॅस्टिकच. वापरून विरली की तिचे तंतू सुटतात आणि ते कुणालाच वेचता येत नाहीत. पाण्याचा थेंब टाकून बघा. वापरलेलं सुती कापड पाणी पितं, ही पिशवी पीत नाही.

चिप्सच्या पाकिटात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. फरसाण, चिवडा, शेव सुटं मिळतं. डबा घेऊन गल्लीतल्या दुकानात जा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग डब्याचं वजन वजा करून देतो.

महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 रोजी निघाली, 23 जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर 5,000 रुपये दंड. पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी होती, ती मी पाहिली आहे. म्हणजे आपल्याला जमतं. दंडाचा धाक ओसरला आणि भाजीवाल्याकडे पुन्हा पातळ पिशव्या दिसू लागल्या. भाजीवाला त्या हौसेने देत नाही. आपण हात हलवत जातो आणि पिशवी मागतो, म्हणून देतो.

●

आमच्या इमारतीत अठ्ठावीस घरं आहेत. त्या पावसाळी सकाळनंतर आम्ही काही जण दारोदार फिरलो. भाषण केलं नाही. ताईंना सोबत नेलं आणि त्यांनी कापलेला अंगठा दाखवला. सगळी घरं वळली नाहीत, पण एकवीस वळली. आता ताईंना फाटकाशी साडेअकरापर्यंत बसावं लागत नाही, साडेनऊला गाडी ढकलत निघतात. सुका माल कोरडा असतो, म्हणून भंगाराच्या दुकानात भाव पाडून मागत नाहीत. उरलेल्या सात घरांच्या पिशव्या त्या अजूनही फाडतात. त्या सात घरांसाठीच हा लेख आहे, तुमच्या इमारतीतल्या सातांसाठीही.

परवा कुंडी चिखलाने भरली तेव्हा सुकं काहीच सापडेना. शेवटी ताईंनीच वाट दाखवली. वॉचमनच्या खोलीमागे त्यांनी फाल्गुनात बदामाच्या आणि पिंपळाच्या पाल्याची दोन पोती भरून ठेवली होती. आम्ही जाळायला काढलेला तो पाला. मूठभर चुरून कुंडीत टाकला, हलवला. दोन दिवसांत वास गेला.

आज रात्री भांडी घासायला घेण्याआधी ओट्याखाली दुसरा डबा ठेवा. आणि येत्या माघात पाला पडायला लागला की पोती घेऊन खाली उतरा, तो आषाढात लागतो.